सर्जनला विचारायचा प्रश्न

मी मुंबईत ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, पोटाच्या कॅन्सरच्या केसेसना असते, त्यामुळे नातेवाईकांचे सारखे फोन येतात, सिस्टर अमुक डॉक्टर कसे आहेत, त्यांच्याकडे रोबोट आहे का. अहो, रोबोटचं नंतर बघू, आधी हे विचारा की हे ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती होतात?

व्हिपलचंच घ्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग, कधी जठराचाही तुकडा काढायचा आणि मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर सगळं पुन्हा आतड्याला जोडायचं, पाच-सहा तास सहज जातात. पण खरा घोर पुढच्या आठवड्यात असतो. स्वादुपिंडाचा जोड लीक झाला तर तो रस आजूबाजूच्या रक्तवाहिन्यासुद्धा कुरतडतो, म्हणून तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतल्या पाण्यातलं) अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, बघतात, आणि चांगले सर्जन रविवारीसुद्धा येऊन ड्रेनचा रंग स्वतः बघतात. लीक भल्याभल्यांकडे होतं हो! पण ज्यांच्याकडे हे नेहमीचं आहे ती टीम वेळेत ओळखते, रात्री दोनला सीटी होतो, रेडिओलॉजिस्ट येऊन नळी टाकतो, पेशंट वाचतो. एकेकाळी व्हिपलमध्ये चारातला एक पेशंट दगावायचा, आता मोठ्या सेंटर्समध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आहे.

असा हात एका दिवसात तयार होत नाही. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, सर्जरीचं एमएस तीन, त्यापुढची सुपरस्पेशालिटी एमसीएच तीन, मधल्या एन्ट्रन्स आणि सक्तीच्या सरकारी सेवेचे बॉन्ड वेगळेच. मग कुठे सीनियरच्या समोर उभं राहून शिकायचं. परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल १९४१ पासूनचं, तिथे पोटाचे सर्जन वेगळे, तोंडा-गळ्याचे वेगळे, एकाच प्रकारच्या केसेस रोज हातात येतात, मुलं तयार होतात ती अशी. पोट उघडल्यावर लिव्हरवर बारीक गाठी दिसल्या, म्हणजे कॅन्सर पसरलाय, तर तिथेच थांबायचं, हेही शिकावं लागतं, आणि मला विचाराल तर ते कापण्यापेक्षा अवघड आहे. बाहेर नातेवाईकांना सांगायला सर्जनलाच जावं लागतं.

आणि इतकं शिकून होतं काय, तर स्वादुपिंडाचा कॅन्सर कळतो तेव्हा पाचातल्या एखाद्याचंच ऑपरेशन होण्यासारखं असतं. काही जण न दुखणाऱ्या काविळीवर माळ घालून, झाडपाला घेऊन महिना-दोन महिने काढून आलेले असतात. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसतायत, अंगाला खाज सुटलीय, वजन उतरतंय, तर कृपा करून त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा, सोनोग्राफी करून घ्या. केईएम, सायन, नायर, मुंबईतलं जे पालिकेचं हॉस्पिटल जवळ असेल तिथे जा.