पुन्हा यांना कॉन्सर्टला नेलं तर नाव लावणार नाही

रविवार दुपार, चारचा कॉन्सर्ट, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची मोठी रचना. चार तिकिटं मी काढली, माझ्या पैशाने, दोन महिने आधी. आणि नेलं कुणाला? तर या तीन दिवट्यांना!

पहिली चूक माझीच. मेगाब्लॉक म्हणून लवकर निघालो, एक वाजताच फोर्टात पोचलो. डोंबिवलीकर म्हणाला, आता आलोच आहोत तर सुरमई थाळी होऊन जाऊ दे. वर सोलकढीचे दोन पेले. असा भरल्या पोटाचा माणूस एसीत, मऊ खुर्चीत बसल्यावर दुसरं काय होणार? घोरायला लागला. तेही कुठे, तर पहिल्या भागात क्लॅरिनेटची धून विरत विरत जाते तिथे. पुढच्या चार सुरांवर चायकोव्हस्कीने बासूनसाठी, म्हणजे त्या खर्जातल्या फुंकवाद्यासाठी, सहा ‘पी’ लिहून ठेवलेत. एक ‘पी’ म्हणजे हळू. सहा म्हणजे वाजतंय की भास होतोय, इतकं हळू. त्यावर याची घरघर! पुढच्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा धाडकन अंगावर येतो. हा दचकून उठला आणि मोठ्यांदा विचारतो, "ठाणं गेलं?"

ठाण्याचा जो होता त्याची तऱ्हा वेगळीच. त्याच्या लेखी ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला, निवेदक शेर मारतो तो. मध्यंतरात मला म्हणे, "गायक कधी येणार रे?" ते सोडून दिलं. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत असा इथला रिवाज, पण तिसऱ्या भागानंतर त्याने कडाडून टाळ्या पिटल्या, तेही सोडलं. तो मार्च संपतोच असा की भल्याभल्यांचे हात सुटतात. अर्धं सभागृह वाजवत होतं. उलट टाळ्यांवर डोळे वटारणाऱ्यांचाच मला राग येतो. मोझार्टच्या सिम्फनीला १७७८ मध्ये पॅरिसच्या लोकांनी भाग चालू असतानाच टाळ्या दिल्या, तर गडी खूष होऊन बापाला पत्र लिहितो!

पण टाळ्या पडल्या म्हणजे संपलं, हे कुणी सांगितलं? ठाणेकर उठला, सॅक खांद्याला. "चल, गर्दीच्या आत निघू." शर्ट धरून खाली बसवला त्याला. अरे, सगळा जीव चौथ्या भागात आहे! एवढा विजयाचा डंका पिटून झाल्यावर चायकोव्हस्की हंबरडा फोडतो. शेवटी उरतात नुसते चेलो आणि डबल बेस, ही खर्जातली तंतुवाद्यं, तेही विझत जातात. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गला त्याने स्वतः उभं राहून हे वाजवून घेतलं आणि नऊ दिवसांनी गेला.

त्या विझण्यात आमच्या पार्लेकरीणबाईंना खोकल्याची गोळी आठवली. आधी पर्सची चेन. मग कागद. लोकांना त्रास नको म्हणून हळूऽऽ सोडवत होती. कुर्र... थांबली. कुर्र... थांबली. एकदाच टराटरा फाड ना बाई! खोकली असतीस तरी परवडलं असतं. सवाईला हीच बाई सतरंजीवर डबा उघडून बसते, पण आलापी रंगली की झाकणाचाही आवाज येऊ देत नाही. मग इथेच काय होतं?

शेवटचा सूर गेला. कंडक्टरचा हात अजून वरच. वादकांचे बो, म्हणजे गज, तारांवर तसेच. दोन महिने मी ज्याची वाट पाहत होतो ती शांतता हीच. आणि डाव्या बाजूला मोबाईलचा भगभगीत उजेड पडला, पाठोपाठ ठाणेकराची कुजबुज, जी चार रांगांना ऐकू गेली असेल: "सव्वासहाची फास्ट मिळेल रे."

मिळाली. विंडो सीटसकट मिळाली त्याला. मस्जिद गेल्यावर मला म्हणतो, "मस्त होतं हां, पण शेवट जरा पडला."