गिटारीची बाळंतखोली

शिरपूरच्या त्या पोरानं पैसे दोनदा मोजले. मग गिटारीची पेटी माझ्या हातात देताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुलीची पाठवणी करताना बाप जावयाकडे पाहतो.

"काका, घरी गेल्या गेल्या पेटी उघडायची नाही. चार तास तशीच घरातल्या हवेला राहू द्यायची."

"आणि उघडली तर?"

"तर मला फोन करून सांगू नका."

ती गिटार त्याच्या मोठ्या भावानं अमेरिकेहून आणलेली. वरचं फळकूट सलग स्प्रूसच्या लाकडाचं, जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचं, आणि त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, म्हणजे एका चकचकीत वार्निशचा, पातळसा हात. प्लायवूडची, वर पॉलिएस्टरचा जाड थर असलेली गिटार म्हणजे आपली लाल एसटी, काहीही सोसते. हिचं तसं नाही. गारठ्यातून एकदम उबेत आली की लाकूड आपल्या चालीनं हलतं, लॅकर आपल्या चालीनं. दोघांचं जुळलं नाही की लॅकर तडकतो. मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते, अगदी तसंच जाळं पडतं, फक्त केसाएवढं बारीक. जमिनीला निदान मृगाचा पाऊस तरी बुजवतो.

जानेवारीतली संध्याकाळ होती. त्या दिवशीच्या पेपरात धुळ्याचा आकडा 6 अंश छापून आला होता. आमच्याकडे तापमान कृषी महाविद्यालयात मोजतात आणि थंडी दुसऱ्या दिवशी पेपर वाचल्यावर वाजते. आकडा वाचेपर्यंत लोक बनियनवर फिरत असतात. पेटी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर उभी बांधली आणि निघालो. सावळद्याच्या पुलावर तापीवरून जो वारा आला, त्यानं स्वेटर, जर्किन आणि माझा संगीतावरचा विश्वास, तिन्ही आरपार केले. सोनगीरला चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं पेटीकडे हनुवटी करून विचारलं, "पाहुण्यांना द्यायचा का चहा?"

साडेआठला घरी पोचलो तर अंगणात जत्रा. माझा शालक अमळनेरहून सहकुटुंब आलेला, गावाकडून मोठी माय आलेली, आणि भरिताचा बेत. पऱ्हाट्यांचा जाळ भडकलेला, त्यात बामणोदची हिरवी वांगी टाकलेली. दारातून आत पाऊल टाकलं आणि चष्म्याच्या काचांवर धुकं चढलं. मला काही दिसेना, पण पोराचं म्हणणं लख्ख दिसलं. गार काचेवर घरातली ओल जशी बसली, तशीच ती गिटारीच्या अंगावर बसली असती. पेटी बंद असेल तर आतल्या फोममुळे गारवा हळूहळू सुटतो, आणि घरातली दमट हवा लाकडापर्यंत पोचेस्तोवर लाकूड कोमट झालेलं असतं. मी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "साडेबारापर्यंत कोणी हात लावायचा नाही."

गिटार घेतल्याची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती, त्यामुळे गाण्याची फर्माईश तयारच होती. पोरं पेटीभोवती बसली. मोठ्या मायनं काठीनं पेटी हळूच वाजवून पाहिली.

"काय शे रे भाऊ या पेटीमा?"

"गिटार शे, माय. थंडीतून आली, चार तास उघडायची नाही."

"थंडी वाजी ऱ्हायनी का तिले?" मग विचार करून, "बाळंतीण शे का ती?"

त्यानंतर सगळं घर त्याच नात्यानं वागायला लागलं. कोणी म्हणालं गोधडी टाका. कोणी म्हणालं चुलीजवळ न्या, पटकन शेकेल. (एवढं एकच करायचं नसतं, आणि नेमकं हेच सगळ्यांना सुचतं.) आईनं खोलीचं दार ओढून घेतलं, वारा लागेल म्हणून. शेवटी पेटी मधल्या खोलीत दिवाणावर आडवी ठेवली, चुलीपासून लांब, खिडकीपासूनही लांब, आणि मी उंबऱ्यात राखणीला बसलो.

शालकाला हे काही पटेना. त्याची अमळनेरच्या शिवारात दहा एकर जमीन आहे, आणि यंत्र असो की माणूस, बटण दाबलं की चालू व्हावं असं त्याचं साधं मत आहे.

"दाजी, रात्री दोनला लाइट येते. मी गव्हाला पाणी भरायला जातो. पहाटे घरी येतो तर पायाची बोटं आहेत की नाही, मोजून बघावी लागतात. मला कधी कोणी चार तास पेटीत ठेवलं नाही."

याला उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "तुझ्यावर लॅकर नाही."

"मग वाजवू नका, पण उघडून सुरात तरी लावून ठेवा."

इथे मात्र मला ज्ञान पाजळायची संधी मिळाली. तारा पोलादाच्या. गारठ्यात त्या आखडतात, ताण वाढतो, सूर चढतो. आता बसून सूर उतरवला, तर ऊब लागल्यावर त्या सैल होणार आणि सगळं आणखी खाली जाणार. शिवाय लाकूड बिचारं तारांच्या मागून आपल्या सवडीनं हलत राहणार. या सहा तारा मिळून त्या पातळ फळकुटाला साधारण 70 किलोच्या ताणानं ओढत असतात, म्हणजे एक धडधाकट माणूस तिला चोवीस तास लोंबकळलेला. असल्या बाईला प्रवासाहून आल्याबरोबर कामाला जुंपायचं?

हे वाक्य मी जरा मोठ्यानं बोललो आणि ते चुलीपर्यंत गेलं. तिथून बायकोचा आवाज आला.

"चार तास तिला काम नाही ना? मग तुम्हालाही नसेल. या, वांगी सोला."

भरिताचं वांगं गरम असतानाच सोलावं लागतं, गार झालं की साल चिकटून बसते. परातीत दहा-बारा वांगी, वरून काळी, आतून उकळती. मघाशी तापीवर गोठलेली माझी बोटं अजून नीट परतही आली नव्हती, ती तशीच मी पहिल्या वांग्यात घातली. आधी काही कळलंच नाही. मग कळलं ते एकदम. मी बोट कानाच्या पाळीला लावलं, तोंडात घातलं, हवेत हलवलं. पोरांना वाटलं गाणं सुरू झालं. बाकीची वांगी मी आब राखून सोलली. पुढे मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे पडले आणि लाकडी मुसळीचे ठोके सुरू झाले. त्या रात्री आमच्या घरात तेवढंच काय ते वाद्य वाजलं, आणि तालात वाजलं.

भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या यांच्यापुढे माणूस फार वेळ संगीताची आठवण काढत नाही. अकराला पोरं झोपली, तीही पेटीच्या आजूबाजूला, तिलाच ऊब द्यायची असल्यासारखी. शालक घोरायला लागला. मध्ये शेजारचे काका "काय आणलं" म्हणून डोकावले, "उन्हाळ्यात काय करशील?" एवढं विचारून निघून गेले. प्रश्न खरा होता. गिटारीला हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि आमच्या मे महिन्यात ओठसुद्धा तडकतात. पेटीत ओला स्पंज ठेवतात म्हणे. आई म्हणाली, माठाशेजारी ठेव.

साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना मी पेटीच्या कड्या सोडल्या. झाकण बोटभर उचललं आणि तसंच दहा मिनिटं थांबलो, कारण आता घाई करणं म्हणजे आषाढीची वारी करून चंद्रभागेच्या वाळवंटातून माघारी फिरणं. मग आत हात घातला. खुंट्यांचं लोखंड खोलीइतकंच कोमट होतं. लाकडाचा वास आला. दिवा जवळ नेऊन सबंध फळकूट पाहिलं: आरसा. एकही रेघ नाही. तारा वाजवल्या तर ठरल्याप्रमाणे सगळ्या खाली उतरलेल्या. त्या एकेक करून वर आणल्या आणि मांडी घालून पहिला कॉर्ड धरला.

धरला म्हणजे धरायला गेलो. डाव्या हाताचं पहिलं बोट तारेवर टेकलं आणि तोंडातून जो सूर निघाला तो कुठल्याही पट्टीत बसणारा नव्हता. दिव्याखाली बोट पाहिलं. पेरावरची कातडी सुटली होती आणि तिच्यावर बारीक रेघांचं जाळं पडलं होतं. गारठ्यातून थेट विस्तवात. लॅकर गेलाच होता, फक्त माझा.

दिवाणाच्या पलीकडे गोधडी हलली. मोठी माय जागीच होती.

"वाजाड ना, भाऊ."

मी बोट दाखवलं. तिनं उठून बसून, चष्मा शोधून, ते दिव्याशी धरून नीट पाहिलं. मग एकदा पेटीकडे पाहिलं.

"मंग पेटीमा तूच बसाले जोयजे व्हता," ती म्हणाली आणि गोधडी डोक्यावर ओढून घेतली.