12 व्होल्टच्या ड्रिल मोटरला 24 व्होल्ट: तीन मिनिटांचा हिशेब कुठे चुकतो

रोबोवॉर (रिमोटवर चालणाऱ्या रोबोटांची झुंज) खेळणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय आणि आता तो माझ्या भाच्याच्या टीमपर्यंत पोचलाय. म्हणे कॉर्डलेस ड्रिलमधली 12 व्होल्टची मोटर काढा, सहा सेलच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर, म्हणजे साधारण 24 व्होल्टवर चालवा, वेग आणि ताकद दुप्पट मिळते. मॅच तीनच मिनिटांची, तेवढ्यात मोटर जळत नाही. गिअरबॉक्स धातूचा असतो. काही झालंच तर फ्यूज आहे. वेपनलाही, म्हणजे मारा करणाऱ्या फिरत्या चकतीलाही, हीच मोटर लावा. आणि बाहेरच्या देशांत सगळे हेच करतात. भाच्याने बॅटरी मागवायच्या आधी विचारलं, हे नशीब.

तीन मिनिटांचं आधी घेतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आवाक्यात राहतो. चाक अडकलं, मोटर थांबली की तो आवर संपला. उरतो फक्त रेझिस्टन्स. तो 0.15 ओहम धरा. 12 व्होल्टला 80 अँपिअर, म्हणजे 960 वॉट. 24 ला 160 अँपिअर, 3,840 वॉट. व्होल्टेज दुप्पट, उष्णता चौपट! मोटर जागेवरच उभी असल्याने यातला एक वॉटही कामी येत नाही. आर्मेचरवर (मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागावर) 50 ग्रॅम तांबं धरलं तर ते एक अंशाने तापायला साधारण 19 ज्यूल लागतात. करा भागाकार: सेकंदाला 200 अंश. बॅटरी, वायरी आणि ब्रश आपापला वाटा खातात, म्हणून हा आकडा पाव करा हवं तर. तरी तांब्याच्या तारेवरचं 155 अंशांपर्यंत टिकणारं इनॅमलचं आवरण दोन-तीन सेकंदांत हद्द ओलांडतं.

आता रोबोट भिंतीला दाबला गेला, चाकाखाली कुणाचा वेज (पाचरीसारखा उतार) घुसला, की पोरं काय करतात? रिमोटची स्टिक पुढे ढकलून धरून ठेवतात. रोबोट हलत नाही म्हणून पंच मोजतात ते दहा आकडे पूर्ण व्हायच्या आत वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, गेलेलं असतं. तीन मिनिटं कसली घेऊन बसलात?

ड्रिलमध्ये हीच मोटर वर्षानुवर्षं टिकते, कारण तिथे क्लच घसरतो, छोटा पॅक इतका करंट देऊच शकत नाही आणि माणूस ट्रिगर सोडतो. टीमवाले क्लच लॉक करतात आणि मागेल तेवढा करंट देणारी लायपो जोडतात.

फ्यूजच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. गाडीतल्या ब्लेड फ्यूजला रेटिंगच्या दुप्पट करंटवरही उडायला काही सेकंद लागू शकतात. त्याआधी ईएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचे) मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, जातात, आणि ते बहुतेकदा शॉर्ट होऊनच जातात. मग रिमोट बंद केला तरी मोटर फिरत राहू शकते, आणि रोबोट टेबलावर उघडा करून टेस्टिंग चाललेलं असतं तेव्हा पोरांचे हात तिथेच असतात.

वेपनचं थोडक्यात सांगतो. थांबलेली चकती सरळ बॅटरीवर वेगात आणताना तिच्यात जेवढी ऊर्जा साठते, साधारण तेवढीच वाइंडिंगमध्ये उष्णता होते. वेग दुप्पट केला की ती चौपट, आणि प्रत्येक टकरीनंतर पुन्हा तेच.

गिअरबॉक्स? स्वस्तातली ड्रिल उघडून बघा, पहिल्या टप्प्याचे गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचे निघतात.

दुप्पट वेगाचं म्हणणं नो-लोडला, म्हणजे मोटरवर भार नसताना, खरं आहे, तेवढं मान्य. ढकलायची ताकद मात्र चाकाच्या पकडीवर ठरते. चाक जमिनीवर घसरतंय तोवर करंट 12 ला जेवढा तेवढाच 24 लाही, म्हणून काहींच्या मोटरी वाचतात आणि असे मेसेज जन्माला येतात. अमेरिकेतही डीवॉल्ट कंपनीच्या ड्रिलमधल्या 18 व्होल्टच्या मोटरी 24 वर चालवल्या गेल्या, हेही खरं. पण ती सव्वापट-दीडपटीच्या मधली गोष्ट आहे, स्टॉलची (मोटर अडकून थांबलेली असतानाची) उष्णता पावणेदोनपट. सहा सेल पूर्ण चार्ज असताना 25.2 व्होल्ट देतात. 12 च्या मोटरला ती उष्णता साडेचारपटीच्या घरात जाते.

माझं ऐकू नका, मोटरी बनवणाऱ्या मबूची कंपनीचा कॅटलॉग उघडा. त्यात चालण्याची व्होल्टेज रेंज वेगळी आणि नॉमिनल व्होल्टेज वेगळं छापलेलं असतं, म्हणजे थोडी मोकळीक कंपनीच देते. पुढे करंटचे तीन आकडे: नो-लोडचा, सर्वाधिक एफिशियन्सीचा आणि स्टॉलचा. मेसेज लिहिणाऱ्याने तो तिसरा बघितलेलाच नाही.

भाच्याला सांगितलंय, चार सेलच्या वर जायचं नाही. पूर्ण चार्जला 16.8 व्होल्ट होतात, त्यातही स्टॉलची उष्णता जवळजवळ दुप्पट. चाकं लहान घ्यायची, म्हणजे मोटर अडकण्याआधी चाक घसरेल. आणि बॅटरी मागवायच्या आधी शाफ्ट पक्क्या शिकंज्यात धरून, बेंच सप्लायवरून (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या टेबलावरच्या पॉवर सप्लायवरून) एक-दोन व्होल्ट क्षणभर देऊन अँपिअर मोजायचे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स आला. वरचा हिशेब मग 0.15 च्या जागी तो आकडा घालून करायचा.