इन्सुलेशनचं काम आठवड्यात येत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातला दावा असा: घरांच्या ग्रीन इन्सुलेशनचा, म्हणजे छता-भिंतींत उष्णता अडवणारा पर्यावरणपूरक थर बसवण्याचा, कॉन्ट्रॅक्टर व्हायला आठवडाभराचा कोर्स पुरतो, काम म्हणजे नुसतं भरणं, जाड थर दिला की गिऱ्हाईक खूश, धोका काही नाही, माल ग्रीन म्हणजे काम ग्रीन आणि सरकारी अनुदानामुळे ऑर्डरी आपोआप येतात. माझ्या ओळखीतला एक मुलगा हे वाचून नोकरी सोडायला निघालाय. या कामात यायला माझा अजिबात विरोध नाही. उलट चांगली माणसं यावीत असं मनापासून वाटतं, म्हणूनच हे लिहितोय.

«नुसतं भरायचं काम आहे.»
उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) कोंबून बसवलं की ती हवा जाते, आणि कडेला फट राहिली की तिथून उष्णता निसटते. साधा हिशेब करून बघा. यू-व्हॅल्यू म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. छताचा यू-व्हॅल्यू 0.2 धरा आणि उघड्या राहिलेल्या भागाचा 2. फक्त 5 टक्के भाग उघडा राहिला तरी पूर्ण छताची सरासरी 0.29 होते, म्हणजे उष्णतेची गळती जवळपास दीडपट. हे 5 टक्के राहतात कुठे? वायरच्या मागे, दिव्याच्या खाचेभोवती, तुळईच्या कोपऱ्यात. जुनं ग्लासवूल उचलून पाहिलं तर एखाद्या जागी ते काळपट झालेलं दिसतं. नवशिक्याला वाटतं, ओल लागली. बऱ्याचदा ती धूळ असते. खालून फटीतून वर्षानुवर्षं हवा वर जात राहिली आणि लोकरीने तिच्यातली धूळ गाळून धरली. आधी ती फट बुजवायची, मग थर द्यायचा. हे डोळ्यांना कळायला कुणा जाणत्याच्या हाताखाली दिवस काढावे लागतात.

«जाड थर म्हणजे चांगलं काम.»
50 मिमीचे 100 केले की थरातून होणारी गळती निम्मी होते, 100 चे 200 केले की उरलेल्याची निम्मी. दर वेळी खर्च वाढतो, फायदा घटतो.

पण या मेसेजमध्ये ओलाव्याबद्दल एक अक्षर नाही, आणि घरं बिघडतात ती तिथेच. 20 अंशांची हवा घनमीटरमागे साधारण 17 ग्रॅम बाष्प धरते, 0 अंशांची जेमतेम 5. घरातली दमट हवा थरातून थंड पृष्ठभागापर्यंत पोचली की पाणी सुटतं, लाकूड कुजतं, बुरशी धरते. शिवाय घर हवाबंद करताना आत गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल आणि धूर बाहेर जायची सोय नीट नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरातच साठू शकतो. वायुवीजन न तपासता फटी बुजवणारा माणूस घरातल्यांच्या जिवाशी खेळतोय.

«धोका काही नाही.»
हे वाक्य वाचून मला राग आला. ऑस्ट्रेलियात 2009 साली छतांच्या इन्सुलेशनची मोठी सरकारी योजना निघाली. प्रशिक्षणाची अट सैल केली गेली, घाईघाईत पोरं छतांवर चढवली गेली. चार तरुण कामगार गेले: तिघं विजेच्या धक्क्याने, एक छतातल्या उष्णतेने. सगळ्यात लहान मुलगा 16 वर्षांचा होता. इन्सुलेशनचं धातूचं फॉइल ठोकताना स्टेपल विजेच्या वायरीत घुसल्याचं नंतरच्या चौकशांमधून पुढे आलं. 2014 मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा, अहवाल आला, तोवर घरचे आपली मुलं गमावून बसले होते. म्हणून छतात शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि धातूची स्टेपल वायरीजवळ न्यायचीच नाहीत.

स्प्रे फोममधली (फवारल्यावर फुगणाऱ्या फोममधली) आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना इतकं संवेदनशील करू शकतात की पुढे अगदी थोड्या वासानेही दम्याचा झटका येतो. साधा कापडी मास्क तिथे कामाचा नाही. जुन्या घरात करड्या-सोनेरी रंगाचं दाणेदार व्हर्मिक्युलाइट (इन्सुलेशन म्हणून भरलेलं खनिज) दिसलं तर हात लावू नका. अमेरिकेतल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या अशा मालात ॲस्बेस्टॉस, म्हणजे कॅन्सर करणारे तंतू, होते.

«माल ग्रीन, म्हणजे काम ग्रीन.»
काही फोम फुगवायला वापरलेला वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापवणारा असतो. डब्यावर छापलेली हिरवी पानं बघून माल घेऊ नका, आत काय आहे ते विचारा. जुन्या वर्तमानपत्रांचं सेल्युलोज चांगला पर्याय आहे, पण त्यातही लबाडी होते. यंत्रात हवा जास्त सोडून ते पिंजून फुगवलं की थर जाड दिसतो, आणि पुढे खाली बसून पातळ होतो.

«अनुदानामुळे काम आपोआप येतं.»
ती ऑस्ट्रेलियातली योजना फेब्रुवारी 2010 मध्ये एका झटक्यात बंद झाली. तिच्यावरच उभे असलेले धंदे न विकलेल्या मालासकट अडकले. काम येतं ते मागच्या घरमालकाच्या तोंडून. म्हणून त्या मुलाला मी सांगितलंय की नोकरी इतक्यात सोडू नको, सुटीच्या दिवशी एखाद्या चांगल्या टीमबरोबर जा, आणि स्वतःचं काम सुरू करशील तेव्हा ब्लोअर डोअर टेस्ट (दारात पंखा लावून घरातून हवा किती गळते ते मोजणारी चाचणी) आधी आणि नंतर करून दोन्ही आकडे मालकाच्या हातात दे. सेल्युलोज भरलं असेल तर रिकाम्या पिशव्या त्याच्यासमोर मोज. किती जागेला किती पिशव्या लागतात याच्या पिशवीवर छापलेल्या तक्त्याशी संख्या जुळली पाहिजे.