फिटची गोळी, उदासीची गोळी आणि मी

नागिणीचे फोड वाळले, खपल्या पडल्या आणि बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीने मला बरा झालेला म्हणून जाहीरही करून टाकले. परंतु बरगडीखालच्या पट्ट्यातली आग काही विझेना. सदऱ्याचे कापड नुसते घासले तरी डोळ्यांत पाणी यायचे. डॉक्टरांनी समजावले की कांजिण्यांचा विषाणू बालपणापासून मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसतो, उतारवयात नागीण होऊन वर येतो आणि कधीकधी जाता जाता तो तंतूच दुखावून जातो. मग तो तंतू काही कारण नसताना मेंदूकडे कळांचे निरोप धाडत राहतो आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांना सहसा दाद देत नाही.

त्यांनी गॅबापेंटिन लिहून दिले. दुकानदाराने पुडी बांधताना ‘ऊटा आद मेले, मामा, रात्री जेवल्यावर,’ असे बजावले, तोवर सारे ठीक होते. घरी आल्यावर चिरंजीवांनी मोबाईलवर पाहिले आणि हे मुळात फिटचे औषध आहे, असे खणखणीत आवाजात वाचून दाखवले. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या काकूंच्या धुण्याच्या दगडावर उघडते, एवढे सांगितले म्हणजे पुढचे सांगायला नको.

या गोळीने झोप येते आणि गरगरते. मात्रा वाढवली त्याच आठवड्यात खडे बाजारात कांदे निवडताना माझा तोल गेला आणि मी दुकानाच्या फळीला धरून खाली बसलो. गल्लीतलेच एक अण्णा मागे उभे होते. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. ती पावसाळ्यातली होती. ‘मला फिट येत नाही हो, फिटच्या गोळीने चक्कर येते,’ असे मी कळवळून सांगितले, पण हे वाक्य ऐकणाऱ्याला धीर देणारे नाही, हे मलाही बोलताना जाणवत होते. अण्णांनी दुसरी चप्पल काढली.

मग औषध बदलून रात्रीसाठी दहा मिलिग्रॅमची ॲमिट्रिप्टिलिन आली. ही गोळी नैराश्याची, पण दुखऱ्या नसांसाठी ती पुष्कळ कमी मात्रेत देतात. हा ‘पुष्कळ कमी’चा भाग खिडकीतून पलीकडे गेला नाही. खानापूरहून वैनी भेटायला आल्या आणि माझ्याशी अशा हळुवारपणे बोलू लागल्या की मला खरोखरच उदास वाटू लागले. त्यातच या गोळीने तोंडाला कोरड पडते. भजनात अभंगाच्या पहिल्याच चरणाला जीभ टाळूला चिकटली आणि मी मुका झालो, तेव्हा पेटी वाजवणाऱ्यांनी माझा खांदा थोपटून ‘मनाला लावून घेऊ नका,’ असे म्हटले. बद्धकोष्ठाचा विषय मी इथे वाढवत नाही. त्यावर मात्र गल्लीत कोणी सहानुभूती दाखवली नाही.

सध्या प्रीगॅबालिन चालू आहे. आग निम्म्याने उतरली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण संध्याकाळी घोट्यांवर सूज येते आणि वजन वाढते. वजनाच्या बाबतीत घरात दोन पक्ष आहेत. ते गोळीमुळे वाढले, हा माझा पक्ष असून त्याला वैद्यकशास्त्राचा आधार आहे. कुंद्यामुळे, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईमुळे वाढले, हा सौभाग्यवतींचा पक्ष असून त्यांच्याकडे रिकामा डबा आहे. डॉक्टरांनी दोन्ही पक्षांना मान्यता दिली, सूज वाढली तर ताबडतोब कळवायला सांगितले आणि गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती उतरवायची असली तरी पायरीपायरीने उतरवू, असेही बजावले. कुंदा मात्र त्याच दिवशी एकदम बंद झाला.

परवा तेच अण्णा ओट्यावर येऊन बसले. गुडघा धरून त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, ‘मामा, ती तुमची झोपेची, फिटची, वेडाची कसली ती गोळी, एखादी हाय काय शिल्लक?’ चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नसते आणि गुडघ्याचे दुखणे निराळे असते, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. ते जायला निघाले तेव्हा त्यांच्या चपला मी स्वतः सरळ करून ठेवल्या, जरा लांबच.