सांगलीत या, पत्ता मात्र मागू नका

फरिदाबाद, गुवाहाटी, झालंच तर जमशेदपूर, असल्या कुठल्या तरी लांबच्या गावाहून बदलीची ऑर्डर घेऊन तुम्ही सांगलीला निघाला असाल, तर आधी अभिनंदन. गाव चांगलं आहे. कृष्णा आहे, गणपती आहे, हळद आहे, बेदाणा आहे. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग 1843 साली इथेच झाला, हे जो भेटेल तो तुम्हाला सांगेल. दर वेळी नव्याने ऐकल्यासारखी मान डोलवा. पुढे बरंच नाटक बघायचं आहे.

आम्हीही हरियाणात बरीच वर्षं काढून इथे आलो. परवाच एका निरोपाने डोकं सणकलंय, त्यामुळे खालचे सल्ले अगदी ताजे आहेत.

सामानाची काळजी करू नका. पॅकर्सवाल्याने फोनवर सांगितलेला आकडा बोलाचालीचा असतो, खरा आकडा तुमचा फ्रिज ट्रकात चढल्यावर कळतो. सामान चढवताना पोरं एक यादी करतात. तिच्यावर सही करावी, वाचू नये. वाचलीत तर दिसेल की दिवाळीत घेतलेला फ्रिज ‘जुना, पोचे आलेला’ आहे, टीव्हीला ‘स्क्रॅच’ आहे आणि कपाटाचा ‘पाय डळमळीत’ आहे. म्हणजे वाटेत काही फुटलं, तर ते घरातून निघतानाच फुटलेलं होतं. वाटेतल्या नुकसानीचा विमा म्हणून तुम्ही पैसे मोजलेले असतात. ते कशाचे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ट्रक ‘फक्त तुमचाच’ असतो. त्यात बेळगावच्या कुणाची तरी मोटरसायकल आणि हुबळीचा एक सोफा असतो, पण त्यांना आपण ओळख विचारायला जाऊ नये.

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची 1998 पासून एकच महापालिका आहे, हे तिन्हींपैकी कुठल्याही गावात मोठ्याने बोलू नये.

कवलापूरला विमानतळ कधी होणार, हेही विचारू नये. गोवा एक्स्प्रेसने मिरजेला उतरलात ना? झालं तर मग.

घर बघायला जाल तेव्हा भिंतीकडे फार निरखून बघू नका. तळमजल्याचा रंग कमरेपर्यंत ताजा आणि वर जुना असेल, तर मालकांची आवड म्हणा आणि पुढे चला. पुराचं पाणी येतं का, असं थेट विचारणं बरं दिसत नाही. विचारलंत तरी उत्तर ठरलेलं आहे. ‘आपल्यात नाही येत ओ. 2005 ला आलं होतं थोडं. 2019 ला आलं, पण ते सगळ्यांच्यातच आलं. 2021 ला आपलं पायरीपर्यंत.’ एवढं सोडलं तर नाही येत. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाण्याने 57 फूट गाठले होते. धोक्याची पातळी 45 आहे. हा पूल 1929 चा, आणि पावसाळ्यात अख्ख्या गावाचा जीव तिथल्या फुटांच्या आकड्यात अडकलेला असतो. तुम्हीही लवकर शिकून घ्या. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून विसर्ग वाढवला का, वारणेची फुग, म्हणजे मागे तुंबलेलं पाणी, कुठवर आली, हे जुलैत तोंडपाठ नसेल तर चहाच्या गाड्यावर तुमच्याशी कुणी बोलणार नाही. आणि खरं सांगायचं तर पूर आला की हीच माणसं नाव-गाव न विचारता अनोळखी माणसाला होडीत घालून आणतात, घरात ठेवून घेतात, जेवायला घालतात. मी नवी असले तरी हे इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यात खोटं काही नाही. फक्त त्यासाठी पूर यावा लागतो.

एरवी आधी आडनाव.

‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ तुम्ही पूर्ण नाव सांगता आणि घरमालक काका क्षणभर छताकडे बघतात. ज्यांची आडनावं सांगली-कोल्हापुरातली आहेत त्यांचा निकाल इथेच लागतो. आमचं पडलं नांदेडकडचं, काकांना काही लागेना. ‘मूळचे कुठले?’ नांदेड. ‘नांदेडात कुठले?’ तालुका सांगितला. ‘मग तुमचे पाहुणे वगैरे कुठं असतात?’ औरंगाबाद, परभणी, एक नणंद भोपाळला. काकांचं काम आणखी अवघड झालं. मग शेवटचं हत्यार: ‘तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?’ तरीही अंदाज येईना तेव्हा काकू मदतीला आल्या आणि आमच्या घरी गौरी उभ्याच्या असतात की खड्यांच्या, हे विचारून गेल्या. वर पुन्हा ‘आम्ही जातपात मानत नाही बरं का, आपलं सहज.’ या वेळी प्रसन्न चेहऱ्याने बसावं. हरियाणात पहिल्याच भेटीत तोंडावर ‘कौन बिरादरी?’ विचारून मोकळे व्हायचे. आपण सुसंस्कृत राज्यात आलो आहोत, इथे त्याला पाच-सहा प्रश्न आणि एक चहा लागतो. जातीचा दाखला लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलात तर चहाही वाचेल.

पोरगं हिंदीत बोलत असेल तर जिन्यात त्याला गप्प बसवा. घरात काय बोलायचं ते बोलू दे.

भडंग आवडलं म्हणावं. (आवडतंच, पण म्हणावंही.)

आता मुख्य सल्ला, भाडेकराराचा. तो रजिस्टर करून मागूच नका.

घर पसंत पडतं, डिपॉझिट जातं, किल्ली हातात येते, आणि तुम्ही भाबडेपणाने विचारता, ‘काका, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर कधी करायचं?’ काकांचा चेहरा असा होतो की जणू तुम्ही घरच नावावर करून मागितलंय. ‘रजिस्टर कशाला करताय मॅडम? पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करूया की. आख्खी सांगली असंच करते.’ आख्ख्या सांगलीपुढे आपण कोण? करा नोटरी.

ती नोटरी घेऊन गॅस एजन्सीत जा. तिकडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून आणलेलं ट्रान्सफर व्हाउचर पुढे करा. ‘इथल्या पत्त्याचा पुरावा?’ नोटरी दाखवा. ‘हे नाही चालत, रजिस्टर आणा. नाहीतर लाइट बिल.’ लाइट बिल मालकांच्या नावावर. मग मालकांचं संमतिपत्र आणा. मालक म्हणणार, ‘मी कशाला सही करू? तुम्ही इथं राहताय हे सगळ्या गल्लीला माहिती आहे की.’ आता गल्लीला बरोबर घेऊन एजन्सीत जायचं का? बँकेत जा, केवायसीला पत्त्याचा पुरावा. शाळेत जा, दाखला आणलात, ठीक, पत्त्याचा पुरावा?

गाडीचं तर ऐकाच. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं 47 वं कलम. म्हणून तिकडच्या आरटीओची एनओसी आणा. तिकडे आगाऊ भरलेला टॅक्स तिकडेच राहतो, इथे गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरा. तिकडचा उरलेला परत हवा असेल तर तिकडे अर्ज करा, म्हणजे पुन्हा निजामुद्दीनचं तिकीट काढा. हे सगळं करून आता एमएच 10 मिळणार म्हणून पोरं खूश, आणि अर्जासोबत शेवटचा कागद काय? बरोबर ओळखलंत. तोवर हरियाणाची पाटी दिसली की प्रत्येक चौकात शिट्टी वाजते. एका चौकातल्या हवालदारसाहेबांना माझं नाव, नवऱ्याचं ऑफिस, घराची गल्ली सगळं पाठ झालंय. या शहरात माझ्या पत्त्यावर विश्वास ठेवणारे तेवढे एकटेच.

घरभाडं भत्ता मिळत असेल तर तोही सोडून द्या. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की ऑफिस मालकांचा पॅन नंबर मागतं. ‘पॅन कशाला? मी काय चोर आहे का?’ नाही हो काका, चोर कोण म्हणतंय? भाडं रोख द्यायचं, पावती मागायची नाही, ऑनलाइन पाठवायचं नाही, आणि तरी महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला बेल वाजणार. यात चोरीचा संबंध कुठे आला?

आणि रजिस्टर नको, ते का? तर म्हणे ‘भाडेकरू घर बळकावतात.’ अहो, ज्या कायद्याचं नाव घेऊन घाबरवता तो एकदा उघडून तरी बघा! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. भाडेकरूची नव्हे, मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुढची गंमत म्हणजे नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते कायदा खरं धरतो, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. म्हणजे ज्या भीतीने तुम्ही रजिस्टर करत नाही, ती भीती तुम्ही रजिस्टर न करूनच ओढवून घेताय. हे मी आमच्या काकांना शांतपणे, कागद समोर ठेवून सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, ‘ते मुंबई-पुण्याला असतंय ओ.’

परवा निरोप आला. रजिस्टरच पाहिजे असेल तर दुसरं घर बघा. तोही फोनवर नाही, वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून, वाटी परत करायला आल्या तेव्हा. शिवाय डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार. कुठला रंग? कमरेपर्यंतचा?

बास झालं. आता सरळ बोलते.

हे करणारे घरमालक अडाणी नाहीत. निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेतून मॅनेजर होऊन बाहेर पडलेले आहेत, डॉक्टर आहेत. संध्याकाळी कट्ट्यावर बसून देशात कायद्याचं राज्य राहिलं नाही म्हणून तुम्हीच हळहळता. पूरग्रस्तांच्या यादीत कुणाची बोगस नावं घुसली ते तुम्हालाच पाठ असतं. आणि स्वतःच्या घराच्या भाड्याचा एक कागद सरकारदरबारी जायची वेळ आली की तुमचा हात थरथरतो. कारण बळकावण्याची भीती नाही, काका. कारण उत्पन्न दाखवावं लागेल, हे आहे. मग तसं म्हणा. माझ्या आडनावावर, माझ्या हरियाणाच्या पाटीवर का ढकलता?

तुमची स्वतःची मुलं कुठे आहेत? एक पुण्यात, एक बंगळुरूत, सून कंपनीकडून वर्षासाठी बाहेर. सगळी भाड्याच्याच घरात. बंगळुरूत मुलाकडे दहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, तेव्हा ‘बाहेरच्या माणसाला लुटतात तिकडं’ असं मलाच अर्धा तास सांगत होतात. मी बाहेरचीच ना? माझ्या समोर बसून सांगत होतात! त्या पोराला तिथल्या मालकाने कागद दिला नसता, आणि बायको-लेकराला घेऊन तो गॅससाठी दारोदार फिरला असता, तर चाललं असतं तुम्हाला?

आणि ‘जाऊ दे की, सगळे असंच राहतात, जुळवून घ्या’ म्हणणाऱ्या माझ्या समस्त भाडेकरू बांधवांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही नोटरीवर सह्या करत राहता म्हणून ‘आख्खी सांगली असंच करते’ हे वाक्य चालतं. भाड्याचे पैसे तुम्ही देता, मेहरबानी घेत नाही. किल्ली घ्यायच्या आधी, डिपॉझिट द्यायच्याही आधी हे ठरवून घ्या. एका घराने नाही म्हटलं तर दुसऱ्या घरी हेच विचारा. विचारणारे वाढले तर काकांनाही घर रिकामं ठेवून परवडणार नाही.

खर्चाचं निमित्त तर सांगूच नका. भाडं 12,000, डिपॉझिट 50,000 धरलं तर अकरा महिन्यांच्या कराराची स्टॅम्प ड्युटी साडेतीनशे रुपयांच्या आत बसते. नोंदणी फी 1,000. दोन्ही मी भरते म्हणून सांगितलंय, एजंटचेही मीच देते. रांगेत उभं राहायला नको, ऑफिसात जायला नको, सगळं ऑनलाइन होतं. माणूस मशीन घेऊन घरी येतो. तुम्हाला फक्त आधार नंबर सांगायचा आणि अंगठा टेकवायचाय. रविवारी घरीच असता ना? मग टेकवा की अंगठा.