नाव आमचं, चप्पल कुणाची?

आज एका मॉलात रेक्झिनच्या चपलांचा ढीग बघितला, वर पाटी, 'कोल्हापुरी – दोन जोडांवर एक फ्री'. हातात घेतली तर सोल चिकटवलेला आणि कडेनं शिवणीची नुसती छापलेली रेघ. डोकंच सणकलं राव.

झेरॉक्स कंपनी बघा. आपण कुठल्याही मशीनवरच्या कॉपीला झेरॉक्स म्हणतो, आणि ती कंपनी पैसे मोजून जाहिराती देत आलीय की बाबांनो असं म्हणू नका, ते आमचं नाव आहे. कारण नाव सगळ्यांचं झालं की मालकी जाते. बायरचं ॲस्पिरिन अमेरिकेत १९२१ ला असंच गेलं, ओटिसचं एस्कलेटर १९५० ला. वेल्क्रोनं तर २०१७ ला यासाठी गाण्याचा व्हिडिओ काढला. परवडतं त्यांना.

आणि आमचं? कोल्हापुरात चप्पल लाईनला एक मामा आहेत, लग्नात कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, घ्यायला गेलो तेव्हा भाव ऐकून मी जरा कुरकुरलो. काही बोलले नाहीत, पायताण उलटं करून हातात दिलं, "खिळा हुडीक." एक सापडंल तर शपथ! सगळी शिवण कातड्याच्या वादीची, कातडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं. ह्या माणसानं कुठल्या पेपरात जाहिरात द्यायची, सांगा.

मान्य, सगळ्यांना मामांचा भाव परवडत नाही, स्वस्त चप्पल विका की, कोण नको म्हणतंय. पण नाव दुसरं द्या.

२०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे नि कर्नाटकातले चार. केवढा आनंद झाला होता तेव्हा. मग २०२५ ला मिलानमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपली चप्पल शोमध्ये घातली, नाव मात्र घेतलं नाही, ओरड झाल्यावर मान्य केलं. तेव्हा सगळा देश पेटला. इथं मॉलात उलटं चाललंय, नाव घेतलंय नि चप्पल सोडलीय, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. मामांचं पोट मिलानपेक्षा ह्या ढिगानं जास्त मारलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही निदान घेताना उलटी करून वादी बघा, एवढं तरी कराल ना?

आणि प्राडाच्या वेळी काही वकील कोर्टात गेले, तर मुंबई हायकोर्टानं सांगितलं की नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं. म्हणजे आपलं महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम आणि कर्नाटकचं तसंच लिडकर. मग या की! मॉलवाल्याला एक नोटीस तरी धाडा.